डोस ठरवणारे कपाट

दहा आणि दहा मिळून वीस होतात, हे मी साताऱ्यात पहिलीच्या वर्गात शिकले आणि त्यावर आजवर कोणी हरकत घेतल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते. शनिवारी पुण्यातल्या एका मेडिकलच्या काउंटरवर ती घेतली गेली. डॉक्टरांनी माझ्या एडीएचडीवरच्या, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या विकारावरच्या, मिथाइलफेनिडेट या औषधाचा डोस दहावरून वीस मिलिग्रॅमवर नेला होता. चिठ्ठी दोन प्रतींत होती, तिच्यावर सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, तारीख असे सगळे जागच्या जागी होते, आणि दुकानात विसाची गोळी संपलेली असली तरी त्याच कंपनीची, त्याच जातीची, हळूहळू विरघळणारी दहाची गोळी कपाटात पट्ट्यांनी पडलेली होती. मी म्हटले, मग दहाच्या दुप्पट द्या. त्यावर काउंटरमागचा गृहस्थ मला एखाद्या अडाणी माणसाला समजावून सांगावे तशा संथ स्वरात म्हणाला, "ताई, चिठ्ठीवर वीस लिहिलंय ना? मग दहाची कशी देणार?"

डॉक्टरांना फोन लावला. त्या निघून गेल्या होत्या आणि त्यांच्या स्वागतिकेने सोमवारी यायला सांगितले. बदललेल्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवू का, असे विचारताच तो गृहस्थ हसला. फोटो चालत नाही, कागद लागतो, तोही दोन प्रतींत. नियमाने त्याचे बरोबर असेलही, मी वाद घालत नाही. पण याच संवादाच्या मधोमध माझ्या शेजारी एक मुलगा आला, "घसा धरलाय, ॲझिथ्रोमायसिन द्या" म्हणाला, आणि ज्या औषधाला कायद्याने चिठ्ठी लागते त्याची पट्टी अर्ध्या मिनिटात खिशात घालून निघूनही गेला. त्याला कोणी चिठ्ठी विचारली नाही, तारीख विचारली नाही, "कशासाठी हवंय?" असेही विचारले नाही.

मला मात्र विचारले, आणि तेही खालच्या आवाजात नव्हे. आतल्या पोराला हाक मारून तो ओरडला, "अरे, ते नशेच्या गोळ्यांचं रजिस्टर आण रे!" दुकानात चारपाच माणसे उभी होती. खोकल्याचे औषध घेणाऱ्या बाईंनी पर्स पुढच्या बाजूला ओढून घेतली. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आलेल्या एका काकांनी माझ्याकडे नीट पाहून घेतले आणि न विचारता सल्ला दिला की, हे सगळे हल्लीचे फॅड आहे, सकाळी उठून प्राणायाम करावा, मन आपोआप एकाग्र होते. काका, पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द चालू होती तेव्हा, म्हणजे 1798 साली, अलेक्झांडर क्रायटन नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने लक्ष एका जागी न टिकणाऱ्या माणसांविषयी तपशीलवार लिहून ठेवले आहे, आणि ही गोळी 1944 साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाली, बहुधा तुमच्याही आधी. हे सगळे मला अर्थातच रात्री घरी पोहोचल्यावर सुचले. तिथे मी "हो, करते" एवढेच म्हणाले.

मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे सर्वांत कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत येते, त्यामुळे चिठ्ठीची एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवायची, माल कुलूपबंद कपाटात ठेवायचा आणि विक्रीचा वेगळा परवाना काढायचा, हे सगळे मला आता पाठ झाले आहे. भूल देण्याचे केटामाइनही याच यादीत आहे. गैरवापर होतो, तेव्हा नियम हवेत, हेही मान्य. पण या नियमांचा भार नेमका कोणाच्या डोक्यावर येतो? साताऱ्यात मी ज्या ज्या दुकानात विचारले तिथे "आम्ही ती भानगड ठेवत नाही" हे उत्तर मिळाले, घरपोच औषध पोहोचवणारी ॲप चिठ्ठी पाहताच हात वर करतात, आणि 2020 च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शेड्यूल एक्समधले औषध व्हिडिओ कॉलवर लिहूनच देता येत नाही. म्हणजे डोस दहा मिलिग्रॅमने हलवायचा म्हटला की बाईने कामाचा दिवस मोडून पुणे गाठायचे, दोन तास बाकावर बसायचे, सात मिनिटे बोलायचे आणि परतताना खंबाटकीच्या घाटात बंद पडलेल्या ट्रकमागे अंधार पडेपर्यंत थांबायचे. शनिवारी हे सगळे केले आणि पर्समध्ये गोळी नव्हतीच.

बरे, हा प्रकार नवा आहे असेही नाही. उपचार सुरू झाले तेव्हा चिठ्ठीवर दहा होते आणि याच पुण्यातल्या दुसऱ्या एका दुकानात नेमकी विसाचीच गोळी शिल्लक होती. तिथला माणूस फार मोकळ्या मनाचा निघाला. "विसाची घ्या आणि अर्धी तोडून खा," म्हणाला. जी गोळी दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून मुद्दाम तशी बनवलेली असते, ती तोडायची किंवा चावायची नाही, असे तिच्या वेष्टनातल्या कागदावर छापलेले असते आणि तो कागद विकणाऱ्याने वाचलेला असावा एवढी माफक अपेक्षा होती. एका दुकानात गोळी तोडायची परवानगी, दुसऱ्या दुकानात दोन गोळ्यांची बेरीज करायची मनाई. माझ्या डॉक्टर नाडी, रक्तदाब, वजन पाहून, विचार करून एक आकडा लिहितात. पण मी प्रत्यक्षात काय गिळणार हे त्या आठवड्यात कोणत्या कपाटात काय उरले आहे, यावर ठरते. पर्यायही फार नाहीत. परदेशातल्या लोकांना ॲम्फेटामाइनच्या वर्गातली औषधे मिळतात, ती आपल्याकडे कोणी लिहून देत नाही. उरते ॲटोमॉक्सेटिन, जे सहज मिळते, पण त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि मला त्याने दिवसभर मळमळत राहायचे.

इथे एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. वरचा सगळा मजकूर मी संध्याकाळी सातच्या सुमारास लिहिला, म्हणजे सकाळच्या गोळीचा अंमल उतरून गेल्यावर, आणि त्या वेळेला माणूस चिडचिडा होतो हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते. त्यामुळे यजमानांनी सुचवले की, हा राग तुझा आहे की गोळीचा हे सकाळी ठरवावे. सकाळी उरलेल्या दहाच्या साठ्यातली गोळी घेऊन, नाश्ता करून, शांत चित्ताने मी सगळे पुन्हा वाचले. राग तेवढाच भरला. फक्त शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या आणि एक वाक्य मधेच सोडून दिलेले होते, ते पूर्ण केले.

तर शांत चित्ताने पुढचे सांगते. निदानाच्या वेळचे. लक्षणे बाराव्या वर्षाच्या आधीपासून होती असे दिसायला हवे, हा निकष योग्यच आहे. पण त्यासाठी चाळिशीला टेकलेल्या बाईला "आईला घेऊन या" असा निरोप मिळतो तेव्हा शाळेत बाकावर उभे केल्यासारखे वाटते. आई आली, पैठणी नेसून आली, आणि मानसतज्ज्ञांच्या प्रत्येक प्रश्नाला तिने मुलीच्या स्थळाची चौकशी चालली असावी अशी उत्तरे दिली. "फार गुणी होती हो. एका जागी तासन् तास खिडकीत बसायची." वर्गात खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्या मुलीला कोणी शिक्षा करत नाही, कोणी डॉक्टरकडेही नेत नाही, प्रगतिपुस्तकावर दरवर्षी "हुशार आहे, पण लक्ष नसते" एवढा शेरा येतो आणि पालक सही करतात. सुदैवाने ती पुस्तके माळ्यावर सापडली, नाहीतर आईच्या साक्षीवर मी ठार निरोगी ठरले असते.

त्याच्याही आधीचे एक डॉक्टर होते. त्यांनी माझे म्हणणे अर्धवट ऐकून विचारले की, तुम्ही पदवीधर आहात, लोकांचे जीएसटीचे विवरणपत्र भरता, मग तुम्हाला एडीएचडी कसा असेल? लोकांचे विवरणपत्र मी शेवटच्या रात्री, तीन गजर लावून, रडकुंडीला येऊन भरते आणि स्वतःच्या विजेच्या बिलाला दर महिन्याला दंड बसतो, हे सांगायला त्यांनी वेळ दिला नाही. चिंतारोगाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या मात्र साताऱ्यात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात.

चाचण्यांचे शुल्क पाच आकडी आणि आगाऊ. अहवाल समजावून सांगण्याचे शुल्क वेगळे. हातात आलेल्या अहवालात पहिल्या पानावर माझे नाव बरोबर होते आणि तिसऱ्या पानापासून माझा "तो" झाला होता. त्याला क्रिकेटची आवड असल्याचेही लिहिले होते. दुरुस्तीसाठी पुन्हा वेळ घ्यायला सांगितले. विमा कंपनीला विचारले, तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शारीरिक आजारांइतकेच संरक्षण मानसिक आजारांना द्यायचे आहे, हे त्यांनी आनंदाने मान्य केले आणि रुग्णालयात दाखल झालात तरच, असे त्याच दमात सांगितले. एडीएचडीसाठी कोण दाखल होते?

घरच्या आघाडीवर सासूबाईंना माझ्या एकाग्रतेची चिंता नाही, डब्याची आहे. गोळीने दुपारची भूक मरते, डबा जसाच्या तसा परत येतो, आणि भरलेले वांगे संध्याकाळी माझ्यासमोर पुराव्यासारखे ठेवले जाते. डॉक्टर वजनाचा आकडा विचारतात तेव्हा मी सांगते ते खरे असते, पण सासूबाई फोनवर नातेवाइकांना सांगतात तो आकडा त्याहून बराच कमी असतो.

सोमवारी फोन केला. डॉक्टर परिषदेसाठी बाहेरगावी गेल्या आहेत, आठवडाभर नाहीत. स्वागतिका म्हणाली की, विसाचा परिणाम कसा वाटतो याची रोज नोंद ठेवा, पुढच्या भेटीत मॅडम विचारतील. मी म्हटले, विसाची गोळी मिळालेलीच नाही. ती म्हणाली, "हो, पण नोंद ठेवा." भेटीचे शुल्क आगाऊ भरायचा दुवा तिने त्याच मिनिटाला पाठवला.