लंडन–न्यूयॉर्क उड्डाण: पृथ्वीच्या फिरण्याचा हिशेब चुकीचा

‘पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून न्यूयॉर्कहून लंडनला यायला कमी वेळ लागतो’ असा मजकूर सध्या फिरतोय. वेळ कमी लागतो हे खरं, कारण मात्र चुकलंय. पृथ्वीसोबत हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं. खरा फरक पाडतो तो साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम, म्हणजे जोरदार वाऱ्याचा पट्टा.

लंडनचा हीथ्रो विमानतळ ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे ५,५४० किमी. हवेतला वेग ताशी ९०० किमी धरा. समोरून १०० किमीचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने वेग ८०० उरतो, म्हणजे ६ तास ५५ मिनिटं. तोच वारा पाठीशी असेल तर ५ तास ३२ मिनिटं. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक बोइंग ७४७ हे अंतर पाच तासांच्या आत पार करून लंडनला पोचलं होतं.

तिकिटावरचा वेळ याहून जास्त दिसतो, कारण त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं, उतरण्याआधीच्या घिरट्या आणि वाऱ्यासाठी घेतलेला वळसाही धरलेला असतो. शिवाय सुटण्या-पोचण्याच्या वेळा त्या-त्या शहराच्या असतात. एरवीचा पाच तासांचा फरक मोजायला विसरू नका.