घोड्याची पैज आणि 'जगातला पहिला सिनेमा' : एक खुलासा

धावत्या घोड्याची एक छोटी क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरते आहे. सोबतचा मजकूर असा : '१८७८. जगातला पहिला सिनेमा. २५,००० डॉलरची पैज जिंकण्यासाठी काढलेला.'

पैजेपासून सुरुवात करू. प्रश्न असा होता : धावताना घोड्याचे चारही खूर एकाच वेळी हवेत असतात का? रेल्वेसम्राट लेलँड स्टॅनफर्ड यांना घोड्याच्या चालीचं वेड होतं, ही छायाचित्रं काढणारे छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांच्या प्रयोगांचा खर्चही त्यांनीच केला. पण एवढी रक्कम पणाला लागल्याचा त्या काळातला भक्कम पुरावा नाही. गोष्ट रंगतदार म्हणून टिकली, इतकंच.

सिनेमाही नव्हे. १९ जून १८७८ रोजी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या ट्रॅकवर १२ कॅमेरे २७-२७ इंचांवर ओळीने मांडले होते. सॅली गार्डनर ही घोडी आडवे ताणलेले दोरे तोडत गेली की एकेक शटर पडे. फिल्म नव्हतीच, होत्या रसायन लावून ओल्या असतानाच वापरायच्या काचेच्या प्लेटा. चारही खूर हवेत दिसतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार मात्र तोवर पाय पुढेमागे फाकवून घोडा 'उडवत' होते!

आणि मुख्य घोळ वेगळाच. फिरणाऱ्या क्लिपमध्ये बहुतेकदा सॅली नसतेच. घोडी आणि स्वार नीट, तपशिलासह दिसत असतील तर ती ॲनी जी. या दुसऱ्या घोडीची चित्रमालिका, मायब्रिज यांच्याच १८८७ साली फिलाडेल्फियात प्रसिद्ध झालेल्या संचातली. सॅलीच्या छायाचित्रांत जवळजवळ नुसत्या काळ्या आकृत्या आहेत, मागे आकडे घातलेल्या उभ्या रेघा. बाराव्या चौकटीत तर ती चक्क उभी आहे.