हलवल्याशिवाय चालत नाही

आमच्या घरात वेळ सांगणाऱ्या गोष्टी एकदा मोजल्या तर अकरा भरल्या. भिंतीवरची दोन घड्याळं, चार मोबाइल, टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स, माझा लॅपटॉप, मुलीचा टॅब, मायक्रोवेव्ह (मागे एकदा लाइट गेल्यापासून तो बारावरच मिचमिचतोय, पण मोजला) आणि अप्पा. अप्पांचा सातला चहा, नऊला आंघोळ, साडेबाराला पान. त्यात पाच मिनिटं इकडची तिकडे झाली तर शेजारीपाजारी चौकशीला येतात.

तेव्हा बारावं कशाला, हा बायकोचा प्रश्न रास्तच होता. "तुला वेळ कळत नाही म्हणून उशीर होतो असं कधी झालंय का?" असंही तिने विचारलं. याला उत्तर नव्हतं. पण मला ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ हवं होतं. सेल नाही, चावी द्यायची नाही. आत अर्धचंद्रासारखं एक वजन असतं. हात हलला की ते गरगरतं आणि स्प्रिंग आपोआप गुंडाळली जाते. ही कल्पनाच मला भलती आवडली होती. आपण नुसतं जगायचं आणि घड्याळाने चालायचं.

बजेट पाच हजार. 'परवडणारं' या शब्दाचा मोठा दोष असा की तो वाचन वाढेल तसा फुगत जातो. पाचाचं बघितलं की सातातलं दिसतं. सातातल्याची काच साधी, म्हणून बारातलं. पंधरा दिवस मी रात्री जागून वाचत होतो. १९६३ साली सेइको या जपानी कंपनीने '५' नावाची मालिका काढली, तीत ऑटोमॅटिक यंत्र, वार आणि तारीख एकाच खिडकीत आणि चावीचं बटण तीनऐवजी चारच्या आकड्याशी, हे मला आता कुणी झोपेत विचारलं तरी सांगता येईल. कुणी विचारत नाही.

एकवीस ज्वेल्सचं घ्यावं, असं मी जेवताना बोललो. आईने घास हातातच ठेवून विचारलं, "एकवीस खडे? कुठल्या ग्रहाचे?" चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेली ती कारखान्यात बनवलेली माणकं असतात, मोडीत त्यांचा रुपयाही येत नाही, असं समजावल्यावर तिचा उरलासुरला पाठिंबाही गेला.

मग लक्ष्मी रोडच्या एका दुकानात गेलो. मालकांनी मला आधी वरपासून खालपर्यंत पाहिलं, विशेषतः मधे.

"आपण काय करता?"

"कॉम्प्युटरवर काम."

"घरून?"

"हो."

"मग बॅटरीचं दाखवतो."

हा अपमान आहे की सल्ला, हे मला तेव्हा कळलं नाही. कळेपर्यंत घड्याळ आलं होतं. ते बायकोच्या भावानेच दुबईहून आणलं. घरचाच माणूस फितूर झाल्यावर तिने विषय सोडला. जपानी यंत्र, निळी डायल, पाठीला काच. किंमत मी सगळ्यांना वेगवेगळी सांगितली आहे, त्यामुळे इथे लिहीत नाही.

पहिल्या रात्री पाणी प्यायला उठलो, सहज मनगटाकडे पाहिलं, तर वार अरबीत! मी दिवा लावला, चष्मा लावला. अरबीच. सकाळी बघतो तर पुन्हा इंग्रजीत शहाण्यासारखा रविवार. वाराच्या चकतीवर दोन भाषा आलटून पालटून छापलेल्या असतात आणि मध्यरात्रीनंतर ती चकती एका इंग्रजी वारावरून पुढच्यावर जाताना अरबीतून जाते, हा उलगडा दोन दिवसांनी झाला.

पुस्तिकेत लिहिलं होतं की घड्याळ दिवसाला चाळीस सेकंद पुढे किंवा वीस सेकंद मागे जाऊ शकतं. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे वाईटातला वाईट निकालही ९९.९५ टक्के. दहावीला मला इतके पडले असते तर पेपरात फोटो आला असता. पण डिसेंबर १९६९ मध्ये सेइकोनेच पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि आता सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा स्फटिक आपल्या उरावर बसला आहे. आमच्या स्वयंपाकघरातलं दोनशे रुपयांचं घड्याळ महिन्याला वीस सेकंदही चुकत नाही. माझं ते एका दिवसात उरकतं.

खरी गंमत पुढेच. पूर्ण भरलेलं घड्याळ साधारण एक्केचाळीस तास चालतं. शुक्रवारी रात्री दहाला काढून ठेवलं की रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला, घरात सगळे जेवून आडवे झालेले असताना, तेही आडवं होतं. एरवीही ते उपाशीच. कारण घड्याळ डाव्या हातात, आणि माझा डावा हात दिवसभर टेबलावर पडलेला असतो. तो फारतर शिफ्टचं बटण दाबतो.

सोमवारी पुन्हा लावायचं तर रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात तारीख बदलायची नाही. तेव्हा चाकं अडकलेली असतात, दाते मोडतात. हा घड्याळाचा राहुकाळ. बरं, बंद पडलेलं घड्याळ तीन दाखवतंय तर ते दुपारचे की पहाटेचे? म्हणून आधी काटे फिरवून सहावर आणायचे, मग तारीख, मग वार, मग वेळ. या मॉडेलला हाताने चावी देता येत नाही, म्हणून शेवटी हलवायचं. पहाटे गॅलरीत उभा राहून मी डावा हात झुलवत होतो. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांना वाटलं मी त्यांना बोलावतोय. ते आले. चहा करावा लागला.

फक्त गणपतीच्या दहा दिवसांत ते ठणठणीत चाललं. दोन वेळच्या आरत्या, टाळ माझ्याकडे. अनंत चतुर्दशीनंतर तिसऱ्या दिवशी बंद.

आणि मग एकदा अचानक पळत सुटलं. तासाला मिनिटभर पुढे. पेठेतल्या एका घड्याळजींकडे नेलं. जिन्याखाली हातभर जागा, टेबलावर काचेच्या पेल्यांनी झाकलेली उघडी घड्याळं. त्यांनी ते एका छोट्या होकायंत्राजवळ धरलं, तशी सुई थरथरली.

"कुठे ठेवता?"

"मोबाइलवर."

"कव्हरला चुंबक आहे?"

होतं. झाकण बंद ठेवायला. आतली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकाने वेटोळ्याला वेटोळं चिकटते आणि घड्याळ धावत सुटतं. त्यांनी एका निळ्या डबीवर घड्याळ ठेवलं, बटण दाबलं, हळूच वर उचललं. झालं. मग भिंग माझ्या डोळ्याला लावून पाठीच्या काचेतून आत दाखवलं. एक सोनेरी चाक सेकंदाला सहा ठोक्यांनी पुढे-मागे झुलत होतं, आणि त्याच्या पोटात ती स्प्रिंग श्वास घेतल्यासारखी आवळत-सुटत होती. मी बराच वेळ भिंग परत दिलं नाही. "घड्याळ उत्तम आहे," ते म्हणाले, "माणूस जरा चालता ठेवा."

तोडगा अप्पांनी काढला. त्यांच्या मनगटावर एचएमटीचं 'जनता' आहे, लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. एचएमटीची घड्याळं बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, पण तो त्या घड्याळाला कुणी कळवलेला नाही. रोज सकाळी सातच्या बातम्यांना अप्पा त्याला चावी देतात. "शनिवार-रविवार तुझं माझ्याकडे दे," ते म्हणाले. अप्पा सारसबागेत जातात, तिथे बाकावर पाच-सहा म्हातारे राजकारणावर बोलतात, आणि अप्पा बोलतात ते डाव्या हाताने. सोमवारी घड्याळ माझ्याकडे असं गच्च भरून आलं की बुधवारपर्यंत मला हलावं लागलं नाही. निवडणुकीच्या दिवसांत तर गुरुवार गाठला.

बदल्यात शुक्रवारी रात्री 'जनता' माझ्या हाती आलं. "सकाळी सातला चावी. घट्ट लागली की थांबायचं, जोर करायचा नाही," अप्पांनी बजावलं.

रविवारी उठलो तेव्हा ऊन गादीपर्यंत आलं होतं. 'जनता'मध्ये पावणेअकरा. छान, म्हणून पुन्हा पडलो. खूप वेळाने पाहिलं, तरी पावणेअकराच. शनिवारी चावी कुणी दिली होती, ते मला आठवेना. अप्पा माझं घड्याळ घेऊन बागेत, मोबाइल कुठे ठेवला ते सापडेना. तसाच स्वयंपाकघरात गेलो आणि समोर मायक्रोवेव्ह दिसला.

बारा वाजले होते.