पक्कं लायसन्स आलं, आता गाडी कोणती?

पुतण्याचं पक्कं लायसन्स वाशिमच्या आरटीओकडून परवा पोस्टानं आलं. संध्याकाळी ते खिशात घालूनच तो फाट्यावर आला. कारंजा तालुक्यातलं आमचं गाव. चहाच्या टपरीसमोर कडुनिंबाखाली ओटा आहे, सात वाजले की पाच-सहा जण तिथं जमतातच.

"काका, केटीएमची आरसी दोनशे बाईक घेऊन रायलो," टेकायच्या आधीच तो बोलला. "अकोल्याची हाय, सेकंडहँड. २०१६ चं मॉडेल. भाव बी बरा लागला."

गॅरेजवाल्या मिस्त्रीनं चहा खाली ठेवला. "तू आजलोक काय चालवलं? बापाची स्प्लेंडर. ते आठ हॉर्सपॉवरची, हे पंचवीसची. एकदम तिप्पट! अन् १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांले एबीएस, म्हंजे गच्च ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देनारी सिस्टीम, कंपल्सरी झालं एप्रिल २०१९ पासून. २०१६ च्या गाडीत असन का? पह्यले ते पाह्य, मंग भाव कर."

"समृद्धी इथूनच गेली ना, मोकळा रस्ता हाय," पोट्टा म्हणाला.

"समृद्धीवर दुचाकीले बंदी हाय," मास्तरांनी तिथंच थांबवलं. "७०१ किलोमीटरचा रस्ता हाय, पण तुह्या कामाचा एकही नाई. तुले चालवा लागन ते याच रस्त्यावर."

याच रस्त्यावर म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे. माझी पहिली स्पोर्ट्स बाईकही जुनीच होती, बिनाएबीएसची. ऑक्टोबरचे दिवस, डांबरीवर अर्ध्या रस्त्यापर्यंत सोयाबीन वाळत घातलेलं. वळणावर ढीग दिसला आणि मी पुढचा ब्रेक गच्च दाबला. चाक जाम झालं, खाली दाणे घरंगळले आणि गाडी माझ्याआधी आडवी झाली. उजव्या मनगटाला दीड महिना प्लास्टर होतं, ऐन कापूस वेचणीत. अशा सुट्या दाण्यांवर एबीएस असलं तरी गाडी लवकर थांबत नाही, उलट थोडी जास्तच पुढे जाते. पण चाक जाम होत नाही, हँडल हातात राहतं. म्हणून मी पोराला म्हटलं, गाडी किती पळते ते मागून विचार, थांबते कशी ते आधी विचार. साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. रात्री तुरीतून रोही, म्हणजे नीलगाय, रस्त्यावर आला, तर तुझा हात ब्रेकवर जाईपर्यंत तेवढी जागा संपलेली असते.

दूधवाल्याला हे पटलं नाही. "पोट्ट्याचा शौक हाय, तर काऊन मारता? आवडीची गाडी असन तर जपून ठेवन. नाईतर साधी घेऊन देसान, अन् दोस्ताची मांगून पयवन."

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. मांगून आणलेली गाडीच जास्त पाडते, कारण तिच्यावर हात बसलेला नसतो. स्पोर्ट्स घेऊच नको असं मीही म्हणत नाही. माझं मत यामाहा आर-१५ ला. १५५ सीसी, अठराच्या आसपास पॉवर, वजनाला आरसीपेक्षा हलकी आणि नव्या मॉडेलला दोन्ही चाकांना एबीएस. मास्तर सरळ हँडलच्या अपाचे १६० वर अडून बसले, कारण स्पोर्ट्सचं हँडल पूर्ण वळत नाही आणि आपल्या अरुंद रस्त्यावर गाडी फिरवायची पंचाईत होते. त्यांनी विम्याचंही काढलं. २०२२ च्या दरानं पाच वर्षांचा थर्ड पार्टी दीडशे सीसीच्या आत ३,८५१, वर गेलं की ७,३६५. पण अपाचेही दीडशेच्या वरचीच, त्यामुळे तो मुद्दा तिथंच मिटला.

मिस्त्रीकडं एका गिऱ्हाइकाची आर-१५ सर्व्हिसिंगला आली होती. त्यानं ती ढकलत आणली आणि गिट्टीच्या उतारावर तोंड खाली करून उभी केली. "बस. अन् चालू न करता, पायानं मांगं घे."

सीट ८१५ मिलिमीटर उंच. पोराचे चवडे तेवढे टेकले, टाचा वर. दोन वेळा ढकललं, गिट्टी बुटाखालून सरकली, गाडी जागची हलली नाही. तिसऱ्यांदा त्यानं एक पाय घट्ट रोवला, कंबरेतून जोर लावला, तेव्हा वीतभर मागं आली.

"आरसी याच्यापेक्षा वजनी हाय," मिस्त्री एवढंच म्हणाला.

माझा भाऊ, म्हणजे पोराचा बाप, इतका वेळ गप होता. तो उठला, मागच्या सीटवर चढून बसला. सीट वीतभर रुंद, गुडघे पोटाशी, धरायला पोराच्या खांद्याशिवाय काही नाही. त्यानं दोन-तीनदा हात मागं नेऊन चाचपलं, मग उतरला.

"आरसीवाल्याले फोन करून नाई म्हनतो," पोट्टा हळूच बोलला. "एबीएसवालीच पाह्यतो. हेच."

"घे," भाऊ म्हणाला. "पण मायले दवाखान्यात स्प्लेंडरवरच नेजो."