नुसत्या मानाने चूल पेटत नाही

सरस्वती आणि लक्ष्मी एका घरात नांदत नाहीत असं आपल्याकडे म्हणतात आणि वर ते कौतुकाने म्हणतात, मला या वाक्याचा मनापासून राग येतो. सध्या जुन्या चीनमधल्या पंडितांबद्दल वाचतेय आणि तो राग वाढलाच आहे.

तिथे समाजाची उतरंड ठरलेली होती. सगळ्यात वर शिकलेला माणूस, मग शेतकरी, मग कारागीर, व्यापारी तळाला. सरकारी परीक्षेची पहिली पायरी पास झाली की वेठबिगार माफ, मॅजिस्ट्रेटसमोर, म्हणजे तालुक्याचा कारभार बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, गुडघे टेकायचे नाहीत, पदवी काढून घेतल्याशिवाय फटके मारता येत नाहीत. मान भरपूर, पण नोकरी नाही! ती वरच्या परीक्षांनंतर, आणि प्रांताची परीक्षा 3 वर्षांतून एकदा. नानजिंगच्या केंद्रात 20,000 च्या वर खोल्या होत्या, खोल्या कसल्या, नुसती खुराडी, आत दोन फळ्या, दिवसा एकीवर बसायचं आणि दुसरीवर लिहायचं, रात्री दोन्ही जोडून त्यावरच पाय दुमडून झोपायचं. आणि पास किती व्हायचे, तर शंभर-सव्वाशे.

शानदोंग प्रांतातला पू सोंगलिंग (1640-1715) घ्या. भुताखेतांच्या गोष्टी लिहून आज जगभर नाव आहे त्याचं. 1658 साली पहिली परीक्षा पास, तीही पहिल्या नंबराने, आणि पुढची पायरी आयुष्यभर जमली नाही. पोटासाठी एका श्रीमंत घराण्यात जवळजवळ तीस वर्षं शिकवणी केली, तिथेच राहून, बायको-मुलं गावाकडे. परीक्षेला आत शिरणारा माणूस आधी भिकाऱ्यासारखा दिसतो आणि हजेरीच्या वेळी कैद्यासारखा, हे त्यानेच लिहून ठेवलंय. पन्नाशी उलटल्यावर बायकोने सांगितलं, आता पुरे, नशिबात असतं तर एव्हाना मंत्री झाला असता. त्या बाईला माझा नमस्कार, कारण घर तिनेच चालवलं होतं. शेवटी सत्तरीनंतर ज्येष्ठता बघून एक मानाची पदवी मिळाली, तर दारात तिची निशाणं आणि पाटी लागावी म्हणूनसुद्धा याला अर्ज करावे लागले. हे वाचून मला खरंच भरून आलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा मानच त्यांना गरीब ठेवत होता. अंगात पंडिताचा लांब झगा आहे ना, मग नांगर धरणं कमीपणाचं, दुकान टाकणं त्याहून कमीपणाचं. उरलं काय, तर शिकवणी आणि दुसऱ्यांची पत्रं-अर्ज लिहून देणं. आणि त्याचेही पैसे तोंडाने मागायचे नाहीत, कारण पंडित पैशाबद्दल बोलत नाही.

म्हणून मला झेंग बानचियाव फार आवडतो. हाही गरिबीतून आलेला, शिकवण्या केलेला, यांगझोऊ शहरात चित्रं विकून दिवस काढलेला. 1736 ला सगळ्यात वरची परीक्षा पास झाला, मॅजिस्ट्रेट झाला, दुष्काळात लोकांसाठी सरकारी कोठारं उघडली, मग नोकरी सोडून परत यांगझोऊला येऊन बांबूची चित्रं विकायला लागला. 1759 मध्ये त्याने चक्क दरपत्रक लिहिलं: मोठं चित्र चांदीचे 6 तोळे (तिकडचे तोळे, आपल्यापेक्षा बरेच जड), मधलं 4, लहान 2. भेटवस्तू आणि खाऊ आणू नका, रोख चांदी द्या, उधारी तर अजिबात नको. केवढं बरं वाटलं वाचून! पण हे तो बोलू शकला कारण परीक्षा पास झालेली होती, तोपर्यंत हाच हात, हेच बांबू, आणि विचारणारं फारसं कोणी नाही. ते त्याला पक्कं माहीत होतं. त्याने एक शिक्काच करून घेतला होता, चित्रावर उमटवायला: वीस वर्षांपूर्वीचाच जुना बानचियाव.