हिरव्या ठिपक्याची दाढी

माझ्या दाढीचे केस एका दिशेने वाढत नाहीत. उजव्या गालावरचे खाली येतात, डाव्या गालावरचे कानाकडे निघतात आणि हनुवटीखाली तर चक्क भोवरा आहे. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने एकदा सुलटा हात मारून झाल्यावर उलट्या हाताला लागण्याआधी नवं पातं काढलं आणि “साहेब, तुमच्यासारखं गिऱ्हाईक परवडत नाही,” असं हसत हसत सुनावलं. तेव्हापासून दाढी घरीच. आणि घरी दाढी करणाऱ्याला सल्ला द्यायला सगळं जग टपलेलंच असतं.

हे सल्ले इतके दिवस पात्यापुरते होते. ते साबणापर्यंत नेले आमच्या भाच्याने. हा इंग्लंडात ब्रॅडफर्डला नोकरी करतो. तिकडच्या थंडीत संध्याकाळी करण्यासारखं फार काही नसावं, कारण त्याने दाढीचा छंद लावून घेतलाय. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, हा दाढीच्या साबणाच्या वड्या जमवतो. दिवाळीला आला तेव्हा चॉकलेटांबरोबर त्याने दोन गोल वड्या माझ्यापुढे ठेवल्या. एक ‘व्हेजिटेबल’, दुसरी ‘टॅलो’.

“मामा, दोन्ही वापरून बघ. पण खरं सांगू? टॅलोची सर कशालाच नाही.”

टॅलो म्हणजे काय ते मला माहीत होतं. आईला माहीत नव्हतं, आणि ते तसंच राहावं अशी माझी मनापासून इच्छा होती. आई माळकरी. आमच्या घरात वाढदिवसाचा केकसुद्धा बेकरीवाल्याकडून तीनदा वदवून घेऊन येतो. घरात येणारं प्रत्येक वेष्टण ती चष्मा कपाळावर सारून, कागद नाकाशी धरून वाचते आणि हिरवा ठिपका सापडल्याशिवाय खाली ठेवत नाही.

“टॅलो म्हणजे काय रे?” तिने विचारलंच.

मी “ते आपलं इंग्लिश...” असं काहीतरी जुळवत होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, “चरबी.” ती ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. समोरून प्रश्न आला की उत्तर देणं हे तिला आपलं कर्तव्य वाटतं, परिणाम काहीही होवोत.

“कुणाची?”

“गाईची किंवा मेंढीची. वडीवर नाव-गाव लिहीत नाहीत.”

आईने हात मागे घेतला. मग तिने १९८३ साल काढलं. त्या वर्षी वनस्पती तुपात चरबीची भेसळ सापडली होती आणि देशभर गदारोळ झाला होता. तेव्हापासून आमच्या घरात वनस्पती तूप आलेलं नाही. आवाज ऐकून शेजारचे निवृत्त इतिहासाचे मास्तर आले. ते १९८३वर थोडेच थांबणार? ते थेट १८५७ला गेले. “अहो, ती काडतुसं दातांनी तोडायची होती, तर बराकपूरला केवढं रामायण झालं. हे तर तुम्ही रोज गालावर घासणार!” मग स्वतःच म्हणाले, की १९१८ साली अर्देशिर गोदरेज यांनी जनावराच्या चरबीशिवाय साबण काढला, ‘चावी’ छाप, तोही लोकांच्या याच भावना ओळखून. म्हणजे ज्या कटकटीतून आपल्याला एका पारशी माणसाने शंभर वर्षांपूर्वी सोडवलं, ती माझा भाचा विमानाने परत घेऊन आला होता.

चरबीची वडी बाल्कनीत, कुंड्यांच्या मागे गेली. मी तिथेच आरसा टांगला.

आता दोन्हींच्या फेसाबद्दल सांगतो, कारण यावर भाचा तासभर बोलतो आणि त्यात तथ्य आहे. ओला ब्रश शाकाहारी वडीवर फिरवला की फेस लगेच उठतो. भराभर, मोठमोठे बुडबुडे, वाटीच्या कडेवरून ओसंडणारे. कान जवळ नेला तर ते फुटताना बारीक चुरचुर ऐकू येते. तोंडभर थापून पातं उचलेपर्यंत डाव्या गालावरचा फेस विरून कातडी दिसायला लागते. चरबीवाली वडी मात्र सुरुवातीला दादच देत नाही. अर्धा मिनिट ब्रश गोल गोल फिरवावा तेव्हा टोकांना जरा पांढरी पेस्ट धरते. मग चार-चार थेंब पाणी घालत घोटत राहायचं. आणि एका क्षणी त्याचा श्रीखंडाला बांधलेल्या चक्क्यासारखा घट्ट, चकचकीत गोळा होतो. त्यात बुडबुडा औषधालाही नसतो. गालावर लावला की पार दुसरा हात मारून होईपर्यंत जागचा हलत नाही.

“यात चरबीची काही जादू नाही,” बायको म्हणाली. तिने कपाटावरची जुनी वही खाली काढली होती, म्हणजे आता माझी सुटका नव्हती. “सगळा खेळ स्टिअरिक आम्लाचा आहे. गाईच्या चरबीत ते साधारण वीस टक्के असतं, त्याने फेस घट्ट आणि टिकाऊ होतो. खोबरेलात जेमतेम दोन-तीन टक्के. खोबरेलात निम्मं असतं लॉरिक आम्ल. त्याने बुडबुडे झटपट येतात, झटपट जातात आणि कातडी कोरडी पडते. तुमच्या या शाकाहारी वडीत खोबरेल जास्त झालंय, एवढंच. पामतेलापासून काढलेलं स्टिअरिक आम्ल भरपूर घाला, कॉस्टिक सोड्याबरोबर कॉस्टिक पोटॅश मिसळा, की तोच घट्ट फेस मिळेल. ते आम्ल गाईतून आलं की झाडातून, हे रेणूवर लिहिलेलं नसतं.”

हे पटण्यासारखं आहे. भाच्याला फोनवर सांगितलं तर त्याला पटेना. त्याच्या म्हणण्याप्रमाणे जर्मनीतल्या ‘टबॅक’ने चरबी सोडून वनस्पतीचा मार्ग धरला तेव्हा युरोपातल्या शौकिनांनी जुन्या वड्या शोधशोधून साठवून ठेवल्या. तुर्कस्तानची ‘आर्को’ची कांडी अजून चरबी धरून आहे असं तो मानतो, म्हणून त्याच्या लेखी तुर्कस्तान हा जगातला शेवटचा भरवशाचा देश. माणसाची निष्ठा कुठे बसेल काही सांगता येत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. आईने शाकाहारी वडीला मान्यता दिली होती, हिरवा ठिपका नसतानाही, केवळ सुनेच्या शब्दावर. मग एके सकाळी तिने माझा ब्रश हातात घेतला.

“आणि हा रे कशाचा?”

मुठीवर ‘प्युअर ब्रिसल’ असं छापलेलं आहे. मी बायकोकडे पाहिलं. डोळ्यांनी जेवढं विनवता येतं तेवढं विनवलं.

“डुकराचे केस,” बायको म्हणाली.

हा ब्रश वर्षानुवर्षं ज्या कपाटात राहिला, त्याच्या वरच्या खणात उदबत्त्या आणि कापराची डबी असते. आईने त्या दिवशी डबी पुसली, कपाट धुतलं, देव पुन्हा आंघोळीला नेले. ब्रशची रवानगीही बाल्कनीत, चरबीच्या शेजारी झाली. मास्तरांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “म्हणजे दोन्हीही जमलं. अगदी काडतुसासारखं.”

नायलॉनचा ब्रश आणला. आणि नेमका त्याच आठवड्यात महापालिकेने आमच्या भागाचं पाणी दिवसाआड केलं, टँकर सुरू झाले. आमच्या सोसायटीत टँकर येतो तो कुठल्यातरी बोअरचा. सेक्रेटरींनी पाणी तपासून आणलं होतं. कठीणपणा लिटरला ४८० मिलिग्रॅम. सरकारी मानकात २०० ही चांगली मर्यादा, दुसरी सोय नसेल तर ६००पर्यंत चालवून घ्यायचं. म्हणजे आमच्या पाण्याला कायद्यात बसायला जागा आहे, फेसाला वाटीत नाही. त्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि त्याचा न विरघळणारा राखाडी चोथा करतं. तो चोथा बेसिनला चिकटतो, ब्रशच्या मुळाशी बसतो, पात्याच्या फटीत अडकतो. मी बाल्कनीत चरबी घासली, बेसिनवर खोबरेल घासलं, दोन्हीकडे तेच. ब्रॅडफर्डची एवढी कौतुकाची वडी माझ्या गालावर पांढुरका पापुद्रा होऊन वाळली. टँकर आला की शाकाहार-मांसाहार हा भेद राहतच नाही.

उपाय होता. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी. एक तांब्या घेतला, दोन्ही वड्यांना पुन्हा संधी दिली, आणि फेस उभा राहिला. पण “प्यायच्या पाण्याने दाढी?” या प्रश्नाला घरात कुणापाशीही चांगलं उत्तर नाही, माझ्यापाशी तर नाहीच. शिवाय आरओ एक तांब्या देताना दोन-तीन तांबे मोरीत सोडतो. ते पाणी साठवून त्याने फरशी पुसायची, ही अट मी मान्य केली. आता दाढी आणि फरशी हा एकच कार्यक्रम आहे.

एवढ्यात बायकोने वहीतून एक नवीन आकडा शोधून काढला. कोकमाच्या बियांच्या तेलात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून जास्त असतं. गाईच्या चरबीच्या दुपटीहूनही अधिक! आणि हे झाड पश्चिम घाटातलं, आपल्या कोकणातलं. शोधलं तर कोकमतेल घातलेली दाढीची वडी मिळाली, साडेसहाशे रुपयांना. वेष्टणावर हिरवा ठिपका ठसठशीत. मी ती मोठ्या अभिमानाने आईपुढे ठेवली.

आईचं माहेर कुडाळचं. तिने नखाने कोपरा खरवडला, बोटांत चोळला, वास घेतला.

“भिरंडेल!” ती म्हणाली, आणि पन्नास वर्षं पुण्यात काढलेली माझी आई मालवणीवर आली. “ह्यां भेगांक लावतत रे मेल्या, टाचेच्या. तोंडाक नाय!” मग किंमत वाचली. त्यानंतर ती जे बोलली ते मला नीट समजलं नाही आणि समजलं असतं तरी इथे लिहिता आलं नसतं.

संध्याकाळी तिने कुडाळला माझ्या मामाला फोन लावला. आठवड्याभरात कुडाळहून भिरंडेलाचे गोळे आले, खोक्यात, सुतळीने बांधून. एवढं तेल टाचांना लावायचं तर आख्खी वारी बोलवावी लागली असती. बायकोने गोळा हातात घेऊन वजन केलं, वही उघडली आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतून पोटॅश आणता येईल का याची चौकशी सुरू केली. मास्तर रोज सकाळी प्रगती विचारून जातात. त्यांना पहिल्या वडीवर छाप कसला असावा हे सुचलेलं आहे. बाल्कनीतलं आधीचं सामान हलवून तिथे ओट्याची जागा झाली आहे.

साबण ओतल्यावर मुरायला महिनाभर लागतो म्हणे. तोवर मी दाढी ठेवली आहे.