कुलूप बदलण्याचा हक्क घरमालकाला कोणी दिला?

‘घरमालकांनो, सावध व्हा’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. मला तो एकाच आठवड्यात दोनदा आला. पहिल्यांदा नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातील फ्लॅट भाड्याने देणाऱ्या काकांनी ‘कामाचे आहे, जपून ठेव’ म्हणून पाठवला, आणि दुसऱ्यांदा मनीषनगरात मैत्रिणीसोबत भाड्याने राहणाऱ्या भाचीने पाठवला, जिला तो खुद्द तिच्या घरमालकांकडून मिळाला होता. संदेशातले दावे थोडक्यात असे: अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली की मालक निर्धास्त, मुदत संपली की भाडेकरूचा कसलाही हक्क उरत नाही, तेव्हा मालकाने खुशाल वीज-पाणी बंद करावे किंवा कुलूप बदलावे, आणि एवढे केले नाही, तर बारा वर्षांनी भाडेकरूच घराचा मालक होतो.

यातला मुदत संपल्यावर वीज-पाणी तोडण्याचा आणि कुलूप बदलण्याचा दावा आधी घेतो, कारण त्याची झळ माझ्या घरापर्यंत आली. भाचीचा करार एप्रिलअखेर संपला. नवी खोली १ जूनपासून मिळणार होती, म्हणून तिने एक महिन्याचे भाडे देऊन थांबण्याची विनंती केली. मालकांनी होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही; मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी खाली येऊन मेन स्विच बंद केला आणि डब्याला कुलूप लावले. नागपूरचा मे महिना, तिसरा मजला, वर तापलेली गच्ची. कुलरच्या टाकीतले पाणी संध्याकाळी हाताला गरम लागत होते. शेवटी शेजारच्या आजींनी आपल्या घरातून एक्स्टेन्शन बोर्डाची वायर दाराखालून सरकवली, तेव्हा निदान पंखा फिरला.

मुदत संपल्यावर राहण्याचा अधिकार संपतो, हे अर्धसत्य मला नाइलाजाने मान्य करावेच लागेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळ राहण्याच्या परवान्याची, मुदत संपली की मालकाला ताबा परत मिळतो, आणि त्यानंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाईही मागता येते. पण हा ताबा त्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून घ्यायचा असतो, पान्हा आणि कुलूप घेऊन नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा वेंकट राव या प्रकरणात हेच स्पष्ट शब्दांत सांगितले आहे: एखाद्याचा जागेवर स्थिर ताबा असेल, तर त्याला तेथे राहण्याचा हक्क उरलेला नाही असे गृहीत धरले तरीही, मालकाला त्याला कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढावे लागेल. तो वादही परवान्यावर दिलेल्या जागेचाच होता, त्यामुळे ‘हे जुन्या पागडीवाल्यांसाठी आहे’ ही पळवाट येथे चालत नाही. कोणी परस्पर कुलूप बदललेच, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा लावता येतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचे आहे, हा प्रश्नच गैरलागू ठरतो.

वीज-पाण्याविषयी भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम २९ आहे. सबळ कारणाशिवाय अत्यावश्यक सेवा तोडणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्या कलमात ‘भाडेकरू’ हा शब्द आहे आणि लायसन्सवर राहणारा त्यात बसतो की नाही, यावर वकील वाद घालतील; तो त्यांनी खुशाल घालावा. मेन स्विचला कुलूप लावण्याची परवानगी मात्र कोणत्याच कलमात नाही.

आता अकरा महिन्यांची गोष्ट. नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून अकरा महिन्यांची युक्ती देशभर रूढ झाली. महाराष्ट्रात ती निकामी आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शहरात नोंदणी शुल्क एक हजार रुपये आहे आणि मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात अनामत रकमेपोटी थोडी भर. काका यापेक्षा जास्त पैसे दिवाळीच्या रंगकामातल्या एका भिंतीवर घालवतात. शिवाय कलम २४ खाली अर्ज करताना लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो, म्हणजे नोंदणीचा खरा फायदा मालकालाच आहे.

पोलिसांना माहिती जरूर द्यावी, पण तो करार नव्हे. बारा वर्षांचा बागुलबुवा तर अगदीच पोकळ आहे: प्रतिकूल ताब्यासाठी, म्हणजे बारा वर्षांच्या ताब्यावरून मालकी सांगण्यासाठी, मालकाच्या हक्काला उघड आव्हान देणारा ताबा लागतो, आणि परवानगीने राहून दरमहा भाडे देणारा माणूस मालकी मान्यच करत असतो. काकांच्या पिढीची धास्ती कुठून आली, ते मात्र मला समजते. विदर्भात पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश लागू होता आणि घर सोडण्याची नोटीस देण्याआधीच भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. तो आदेश २००० साली गेला. धास्ती अजून राहिली आहे.

भाची १ जूनला नव्या खोलीत गेली. तिची अनामत रक्कम अद्याप परत मिळालेली नाही. ‘किती दिले होते, ते कागदावर दाखवा’ असे मालक म्हणतात, आणि नोटरीच्या त्या कागदावर अनामतीची जागा कोरी आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर असतो, असे त्याच कलम ५५ मध्ये लिहिले आहे. त्या कलमाचा मजकूर मी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवला आहे.